वनराजाची गोंडस रेघ

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राज्य करीत होता. त्याच्या गुहेत कॉम्प्युटर होता. जंगलात कॉम्प्युटर कसा, असे विचारू नका. उन्हाळ्यात पाणी नसले तरी चालते, दरबारात कॉम्प्युटर लागतोच.

त्या वर्षी ओढे लवकर आटले. मोजके पाणवठे उरले. त्यांना जोडणारी वाट हत्तींनी चालून चालून पाडली होती. ती वेडीवाकडी होती, कारण मध्ये मगरीचा डोह होता आणि पुढे एक कडा होता.

"शी! किती हे कोपरे!" सिंह म्हणाला. "परदेशातून अस्वलं पाहुणी येणार. काय म्हणतील?"

दरबारी चित्रकार मोर नवी वाट आखायला पुढे झाला. पडद्यावर त्याने प्रत्येक पाणवठ्याला एक ठिपका दिला आणि बटण दाबले. सगळ्या ठिपक्यांतून एक वळणदार रेघ गेली. दरबाराने माना डोलावल्या.

कवडी नावाची हरिणी तेवढी बोलली. तिच्या पाडसाने नुकतेच दूध सोडले होते. त्याला आता रोज पाण्यावर न्यायचे होते.

"मोरभाऊ, रेघ मगरीच्या डोहातून जातेय की हो!"

"ठिपक्यांवरून जाते ना? झालं तर. मधल्या जागेत ती फुगणारच. गोलाई हवी तर एवढं सोसावं लागतं, बाई."

"मग डोहाच्या अलीकडे अजून एक ठिपका द्या."

मोराने नाक मुरडत दिला. रेघ डोहातून बाहेर आली आणि झोक जाऊन कड्यावरून खाली उतरली.

"या ठिपक्यांचाच जाच आहे," मोर म्हणाला आणि त्याने दुसरे बटण दाबले. या बटणाने ठिपके रेघेला नुसते आपल्याकडे ओढतात, ती त्यांना शिवत नाही. रेघ डोह टाळून, कडा टाळून डौलात निघाली. एकाही पाणवठ्याला ती लागली नाही.

"अहो, पण पाणी?"

"दिसेल की! या वाटेवरून सगळे पाणवठे छान दिसतात."

सिंहाचे डोळे भरून आले. जंगलात त्या वर्षी आलेले पाणी तेवढेच. हुकूम सुटला: रेघ सोडून चालेल तो राजद्रोही.

प्राणी जिभा बाहेर काढून रेघेवरून चालू लागले. एके दुपारी पाडस कोसळले. कवडीने हुकूम गुंडाळून ठेवला, त्याला ढुशा देत हत्तींच्या वाटेने नेले आणि पोटभर पाणी पाजले. वाचले हो ते! मला फार बरे वाटले.

कोल्ह्यांनी दोघांना पकडून दरबारात आणले.

"महाराज, लेकरू मरत होतं. तुमच्या रेघेवर पाणीच नाही," कवडी म्हणाली.

सिंहाने मोराकडे पाहिले. मोराने पडद्याकडे पाहिले. मग त्याने पाणवठ्यांचे ठिपके एकेक करून पुसून टाकले.

"आता बघा, महाराज. रेघ कुठं चुकलीय?"

कुठेच चुकली नव्हती. मोराला 'वक्रभूषण' ही पदवी मिळाली. नकाशात नसलेले पाणी प्यायल्याबद्दल कवडी पाडसासह हद्दपार झाली. सिंह मात्र रोज सकाळी, कोणी बघत नाही ना याची खात्री करून, हत्तींच्या वाटेने पाण्यावर जातो.

तात्पर्य : बाळांनो, वाट अशी आखावी की बघणाऱ्याच्या डोळ्यांचे पारणे फिटावे. तहान लागते ती चालणाऱ्याला, आणि त्याला विचारतो कोण?