वेलबुट्टीचं कारण

प्रदर्शनात चित्र लावायचं तर अर्ज भरावा लागतो, आणि अर्जाला रकाने असतात. यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही. चित्रांवाचून प्रदर्शन एक वेळ होईल, रकान्यांवाचून होणार नाही.

चित्रकार बाईंनी मागच्या खोलीत, शिवणयंत्र भिंतीला सारून, सात महिने खपून एक देखावा रंगवला होता. डोंगर, नदी, पलीकडे एक गाव आणि या सगळ्यावर, अगदी ढगांवरसुद्धा, बारीक वेलबुट्टी. शेजारणी दारातूनच ओझरतं बघत आणि "छान हं, वेळ बरा जातो" म्हणत. तेवढ्यावर बाईंचं भागत नव्हतं. कुणीतरी चित्रापुढे घटकाभर उभं राहावं आणि डोळे भरून बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती फार मोठी आहे हे त्यांना निवड कक्षात गेल्यावर कळलं.

कारकुनाने अर्ज चष्म्याजवळ नेला. "हे ठिकाण कुठलं?"

"कुठलंच नाही. मनातलं आहे."

"असू दे, असू दे. मनातल्या जागेला हरकत नाही, हल्ली तेच चालतं." त्याने शिक्का उठवला आणि तो एकदम थबकला. "रकाना अकरा कोरा आहे. वेलबुट्टीचं कारण."

"आवडली म्हणून काढली."

कारकुनाने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "बाई, असं चारचौघांत बोलू नका. आवडली म्हणून काढली तर ती नक्षी झाली. नक्षी उशीच्या अभ्र्यावर असते. इथे कला लागते, आणि कलेमागे वेदना लागते."

"पण मला कसली वेदनाच नाही हो!"

"मग शोधा. आठ दिवसांची मुदत आहे."

बाईंनी घर पालथं घातलं. आईवडील मायाळू, तब्येत खणखणीत, झोप गाढ. एक दाढ तेवढी ठणकायची, तीही मागच्या वर्षी काढून टाकलेली. आधी कुणी सांगितलं असतं तर ठेवली असती, म्हणून बाई हळहळल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, स्वभावाने दिलदार. "माझं नाव घाल," तो म्हणाला. "मी घुम्या आहे, तोंडातून शब्द काढत नाही, घरात नुसती शांतता असते, असं लिही." आणि आपण किती घुमे आहोत हे त्याने पाऊण तास न थांबता समजावून सांगितलं. त्याचं नाव आपोआप बाद झालं.

नियमाप्रमाणे अर्जासोबत वेदनेचा दाखला लागे, आणि तो जवळच्या नातेवाइकाचा, शक्यतो वेदनेला कारणीभूत व्यक्तीचा हवा होता. राहिल्या सासूबाई. त्या ऐकताच भडकल्या.

"अगं, तुझे ब्रश मी धुते! तुझ्या रंगाचे डाग पडलेली चादर मी अंथरते! आणि जाचही मीच करते?"

"आई, नुसतं कागदावर."

"कागदावर म्हणजे कायमचं!" पण सुनेचं पडलेलं तोंड त्यांना बघवेना. "बरं बाई, लिही. पण मिळमिळीत लिहू नकोस. जाच करायचाच तर चार लोकांत नाव निघेल असा करू."

दाखला तयार झाला: 'सुनेचे रंग मी बारा वर्षे कुलपात ठेवले. पान, फूल, वेल यांना घरात सक्त मनाई केली. कोंडलेली वेल अखेर डोंगर चढली.' शेवटचं वाक्य नवऱ्याचं. त्याला राहवलं नाही.

पडताळणीसाठी अधिकारी न कळवता आले. सासूबाई सवयीने नळाखाली ब्रश धूत उभ्या.

"हे काय चाललंय?" अधिकाऱ्यांनी दरडावून विचारलं.

सासूबाई ढिम्म. "पुरावा नष्ट करतेय."

अधिकाऱ्यांनी शेरा मारला: 'जाच अस्सल. अद्याप चालू.' ते निघाले तेव्हा सासूबाई मागून ओरडल्या, "जपून हो, तिसरी पायरी मोडकी आहे!" ते मात्र त्यांनी शेऱ्यात धरलं नाही.

चित्र लागलं. शेजारी दाखल्याची पाटी लागली. पहिल्या दिवशी माणसं पाटीपुढे थांबली, डोळ्यांना रुमाल लावून पुढच्या पाटीकडे सरकली. तिसऱ्या दिवशी झुंबड उडाली. मागच्यांना वाचता येईना, तक्रारी झाल्या, म्हणून पाटी मोठी केली. ती डोंगराच्या पायथ्यावर आली. बाई कोपऱ्यात उभ्या राहून माणसांचे डोळे बघत होत्या. डोळे पाण्याने भरत होते, पण पाटीच्या उजव्या कडेपलीकडे काही जात नव्हते. आठव्या दिवशी आदेश निघाला: 'चित्रामुळे प्रेक्षकांचे लक्ष वेदनेवरून विचलित होत असल्याने पाटी संपूर्ण भिंतीची करण्यात यावी. चित्र पाटीच्या मागे सुरक्षित राहील.'

बाई तरातरा निवड कक्षात गेल्या. "अहो, सात महिने घालवले मी! कुणी बघितलं तरी का ते? एकानं तरी? माझा जीव कसा तुटतोय, कळतंय का तुम्हाला?" आणि त्या तिथेच, अर्जांच्या ढिगाशेजारी बसून ढसाढसा रडल्या.

कारकून मनाने वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. मग त्यांचा अर्ज काढून रकाना अकरापुढे समाधानाने बरोबरची खूण केली.

"बघा, सापडली की नाही? तेव्हाच नीट शोधली असतीत तर सासूबाईंना उगाच त्रास पडला नसता."

लोकाग्रहास्तव प्रदर्शनाला मुदतवाढ मिळाली आहे. जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, सासूचा जाच शब्दन् शब्द म्हणून दाखवतील. डोंगर कुठल्या रंगाचा होता, ते मात्र एकालाही सांगता येत नाही. हसताय काय? तुम्हीही इथवर सगळं चवीचवीनं वाचलंत. तुम्ही तरी कुठे विचारलंत?