बाबारावकाकांचा जोड

आमच्या समुद्रपूरच्या अंगणात नवी चादर वाळत असली आणि तिला नाक लावून एक म्हातारा उभा दिसला, तर चोर समजू नका. ते आमचे शेजारी, बाबारावकाका. फुलांची नक्षी जिथं संपून पुन्हा सुरू होते, तो जोड ते शोधत असतात. सापडला की म्हणतात, "जोड दिसून राह्यला." झाला चादरीचा निकाल.

नोकरीभर ते एसटीत कंडक्टर होते. तिकीट फाडताफाडता प्रवाशांचे शर्ट निरखायचे. एकदा एका नवरदेवालाच त्यांनी सांगितलं, की कुर्त्यावरच्या मोरांचा जोड खांद्यावर दिसतोय. बिचारा वर्ध्यापर्यंत खांद्यावर रुमाल धरून बसला.

पण काका स्वतः कागद घेऊन बसले की मी सगळी थट्टा विसरते. कागदाच्या मधोमध पळसाची फुलं काढायची आणि त्याच देखण्या चित्राला कात्री लावायची. डावा अर्धा उजवीकडे, वरचा खाली, अशी अदलाबदल करून मागून चिकटपट्टी. मग फुलं जातात कडेला आणि मध्ये उरते रिकामी जागा. ती भरली, की तो चौकोन शेजारीशेजारी कितीही छापा, नक्षी सलगच दिसते. कात्री काकांची, जागा भरायचं काम काकूंचं. काकूंचा हात फिरला की खुद्द काकांनाही जोड सापडत नसे.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. चिकटवलेला एक कागद तसाच राहिला.

यंदा वर्ध्याच्या एका कापडछपाईवाल्याला तो पळस आवडला. मधली जागा भरून द्या, पडद्यांचा मोठा माल काढतो, म्हणाला. आपली नक्षी बाजारात जावी, ही काकांची जन्माची हौस. रोज सकाळी ओसरीवर बसायचे, पेन्सिलीला टोक काढायचे आणि उठायचे. शेवटी मीच म्हटलं, दोन पाकळ्यांचं तर काम आहे, काका.

"भरली तं तिचं काम सरून जाईन न, बाई," ते म्हणाले.

कागद त्यांनी तसाच दिला. छपाईवाल्यानं समजावून पाहिलं, मग मोठ्या मालाचा नाद सोडला आणि त्यांच्यापुरता एक पडदा छापून दिला. तो आता काकांच्या दारावर आहे. फुलं, मग कोरी जागा. पुन्हा फुलं, पुन्हा जागा.

काकांना हसवावं म्हणून मी म्हटलं, "काका, जोड दिसून राह्यला."

काकांनी पडद्यावरून हात फिरवला.

"दिसू दे," ते म्हणाले. "पाह्य न, वितीवितीवर येऊन राह्यली तुही काकू."