अर्जदाराकडे खडी आहे

सरकारी कागदावरचा शब्द कधी वाया जात नाही. अर्थ वाया गेला तर इलाज नाही.

गडचिरोलीकडच्या एका गावात इस्तारीची बायको गोकुळा तलावावर पाणी भरताना घसरली आणि बुडाली. तेव्हापासून इस्तारी अर्ज करत होता, की तलावाला चार दगडी पायऱ्या द्या. (पायऱ्यांनी गोकुळा परत येणार नाही, हेही तो अर्जात लिहायचा. कचेरीचा गैरसमज नको.) तीन वर्षांत एकोणीस अर्ज झाले. विसाव्यावर बदलून जाणाऱ्या साहेबानं इंग्रजीत शेरा मारला : या माणसात ‘ग्रिट’ आहे.

पुढे छप्पन साली राज्य बदललं आणि कागद मराठीत करायचा हुकूम आला. कारकून गुणवंतरावांनी कोश उघडला. ग्रिट म्हणजे मुळात खडी, बारीक खडे. पुढे कुणी हा शब्द टणक माणसालाही लावला, म्हणून दुसरा अर्थ चिकाटी. पण चिकाटी मोजता येत नाही आणि मोजता न येणारी वस्तू सरकारला दिसत नाही. गुणवंतरावांनी लिहिलं : अर्जदाराकडे खडी आहे.

खडी आहे, तर ती पायऱ्यांना लावावी, असं ठरलं. पंचनाम्याला गुणवंतराव स्वतः आले.

“इस्तारी, खडी कुठी हाय?”

“कोन्ती खडी, बाबूजी?”

“मंग साहेब का खोटं लिहीन?”

झडती झाली. चुलीजवळच्या कोनाड्यात वाटीभर खडे सापडले.

“थे तांदळातले हायेत,” इस्तारी म्हणाला. “गोकुळानं निवडले. पानी घेऊन येतो, मंग फेकतो म्हने. तवापासून तसेच हायेत.”

“म्हंजे साठा जुना हाय,” गुणवंतरावांनी लिहून घेतलं.

इस्तारी वाटीकडे बघत राहिला. “हे देल्ले तं पायरी होईन ना?”

“सरकार खडी ठेवून घेत नाई, बापा.”

त्यानं वाटी दिली. (एक खडा त्याच्या कनवटीला राहिला. मापात फरक पडला नाही.)

वाटीभर खडीत बसेल तेवढी पायरी बांधली गेली. तिच्यावर पायाचा अंगठा व्यवस्थित राहतो. आता इस्तारी स्वतः तांदूळ निवडतो आणि दर महिन्याला वाटी नेऊन देतो. कचेरीच्या हिशोबानं चार पायऱ्या अकराशे साठ वर्षांत पुऱ्या होतील. काम प्रगतीवर आहे.

तुम्ही हे इथवर वाचलंत, म्हणजे खडी तुमच्याकडेही आहे. तशी नोंद झाली आहे. पंच येतील तेव्हा घरी राहा.