गडद लाल

आमच्या वरच्या मजल्यावरचे गायकवाडमामा माणसाची तब्येत विचारत नाहीत, शेड सांगतात. जिन्यात गाठ पडली की चष्मा वर सरकवून निरखतात आणि म्हणतात, "गडद आहात. चालू द्या." खालच्या किराणावाल्या भाऊंना ते एकदा म्हणाले, "जरा फिके पडायलेत तुम्ही." थोड्याच दिवसांत भाऊ दुकानाला कुलूप लावून फुलंब्रीला मुलाकडं राहायला गेले. तेव्हापासून मामा दिसले की मी, चांगला शिकलासवरलेला माणूस, उगाच गाल चोळून घेतो.

मामांची उभी हयात रंगाच्या दुकानात शेडकार्ड दाखवण्यात गेली. आता ते इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात रेल्वेच्या लेखांना रंग देतात. लेखाच्या कडेला मार्गाचा नकाशा असतो ना, एक उभी रेघ आणि तिच्यावर स्टेशनांचे ठिपके? ती रेघ. नियम साधा. चालू मार्ग गडद लाल, बंद मार्ग फिकट. कुणी लालाच्या जागी शेंदरी लावला की मामांना अन्न गोड लागत नाही. "लाल म्हंजी लालच पायजे. कुंकू आन् गुलाल एक असतंय व्हय?"

असा हा नियमाचा माणूस एका जागी नियम मोडायचा. मुकुंदवाडी स्टेशनाच्या पुढं पूर्वी एक छोटा थांबा होता. रूळ बाजूनं नेले, थांबा बंद पडला, आता तिथं नुसत्या बाभळी आहेत. बाकीचे संपादक तेवढा तुकडा फिकट करत, मामा पुन्हा लाल करत. शेवटी वैतागून त्यांनी मामांचं खातंच बंद केलं.

त्या संध्याकाळी मामांनी मला वर बोलावलं. कॉम्प्युटर चालूच होता. ज्ञानकोशात माझंही एक खातं त्यांनीच पूर्वी उघडून दिलं होतं.

"तुमच्या खात्यातून तेवढं लाल करा."

"मामा, तिथं गाडी थांबत नाही. नियम तर तुम्हीच मला शिकवलात."

मामांनी पडद्यावरच्या त्या फिकट तुकड्यावर बोट ठेवलं.

"तुमची मामी तिथल्या अंगणवाडीत कामाला होती. सांजच्या गाडीनं यायची. त्या दिशी गाडीत बसली, बसताना लोकांनी पाह्यली. इकडं मुकुंदवाडीला मी उभा. गाडी आली, ती उतरली नाय. लई धुंडाळलं. दोन स्टेशनांच्या मधी माणूस जातंय कुठं, सांगा?"

मामी वारल्या असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मामांनी कधी तसं सांगितलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"ती गाडीतच हाय अजून. आन् हे म्हणतेत, मार्ग बंद. मार्गच बंद केला तर तिनं यायचं कुठून?"

समजूत घालायला गेलो असतो तर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं असतं. मी खुर्ची ओढली आणि तो तुकडा लाल केला.

रेघ जुळली आणि मांडणीवरची ताटं किणकिणली. गाडी जवळून गेली की वाजतात तशी. आमच्या गल्लीपासून रूळ चांगले लांब आहेत.

मामा दचकले नाहीत. उठून त्यांनी दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं.

"सावकाश ये," ते जिन्याकडं बघून म्हणाले, "वरली पायरी फुटलीया."

आणि मी दारातून बाजूला होऊन वाट दिली.