त्र्यंबकरावांची बिनतक्रार बाल्कनी

बाळांनो, समुद्राला अगदी खेटून एक जंगल होतं. त्यात त्र्यंबकराव नावाचे एक साळिंदर राहत असत. अंगावर काटे म्हणजे स्वभावही तसाच असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. स्वभावाने ते मऊ होते. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट सर्वांत उत्तम लागे. भेंडीसुद्धा ते एकेक मोडून बघून घेत.

एकदा जंगलात क्रूझची टूम निघाली. क्रूझ म्हणजे काय, तर एका प्रचंड जहाजात बसायचं, पाण्यावर भटकायचं, दिवसभर खायचं आणि जिथून निघालो तिथेच परत उतरायचं. शहाणी मंडळी असं कशाला करतील, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तुम्ही अजून लहान आहात.

"अहो, आपणही जाऊ या," त्र्यंबकरावांच्या पत्नी सुमतीबाई म्हणाल्या. "आबासाहेब गवे चाललेत, बंडोपंत रानडुक्कर चाललेत, कुसुमताई सशीणसुद्धा निघाल्यात. खोली काय, कुठलीही चालेल. बाल्कनी असली म्हणजे झालं."

"कुठलीही?" त्र्यंबकरावांच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले.

त्यांनी जहाजाचा नकाशा मिळवला, जमिनीवर अंथरला आणि त्यावर पालथे पडले. पुढच्या टोकाची खोली नको, तिथे झोके बसतात. मागच्या टोकाची नको, तिथे इंजिन घरघरतं. डोक्यावर नाचघर नको, पायाखाली भटारखाना नको. लिफ्टजवळ तर मुळीच नको, लोक दारात उभे राहून निरोप घेत बसतात. बाल्कनीसमोर संकटकाळच्या होड्या टांगलेल्या नकोत, नाहीतर समुद्र बघायला जायचं आणि होडीचं बूड बघून यायचं.

मग डावी बाजू की उजवी? किनारा कुठल्या अंगाला दिसेल? दुपारचं ऊन कुठून येईल? तिकिटं देणाऱ्या बगळ्याला त्यांनी इतके प्रश्न विचारले, की तो पाय बदलायचं विसरला.

शेवटी खोली मिळाली. जहाजाच्या मधोमध. वर खोल्या, खाली खोल्या, समोर नुसता समुद्र. बाकीच्यांनी बगळ्याने दिली ती घेतली.

जहाज निघालं. त्र्यंबकराव बाल्कनीत उभे राहिले. ना झोका, ना घरघर, ना वास. "बघितलंस?" ते म्हणाले. सुमतीबाई म्हणाल्या, "छान आहे हो." त्या खरंच खूश होत्या.

घोटाळा झाला तो सकाळी न्याहारीच्या टेबलावर.

"आमच्या डोक्यावर नाचघर!" आबासाहेब गवे म्हणाले. "छत कोसळतंय की काय असं वाटत होतं."

"आमच्या खाली भटारखाना," बंडोपंत म्हणाले. "सारखा भज्यांचा वास. झोपेतसुद्धा भूक लागते."

"तुमचं काहीच नाही," कुसुमताई सशीण म्हणाल्या. "आम्ही अगदी टोकाला. एका झोक्यात मी ह्यांच्या अंगावर, दुसऱ्या झोक्यात हे माझ्या. लग्नातसुद्धा इतकी जवळीक नव्हती."

सगळे पोट धरून हसले. मग सगळ्यांनी साळिंदरांकडे पाहिलं.

"आम्हाला काही त्रास नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

कुसुमताईंचे उभे कान खाली आले.

"त्याचं असं आहे," त्र्यंबकराव पुढे म्हणाले, "खोली घेण्याआधी नकाशा बघायचा असतो..."

सुमतीबाईंनी टेबलाखालून त्यांना पाय मारला. उपयोग झाला नाही. त्र्यंबकरावांनी सगळ्यांना नकाशा समजावून सांगितला. कोण कुठे चुकलं, तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या टेबलाशी साळिंदरांसाठी खुर्च्या नव्हत्या. "अरेरे, भरलं की हो," बंडोपंत म्हणाले आणि रिकाम्या खुर्चीवर त्यांनी आपली टोपी ठेवली.

साळिंदर कोपऱ्यातल्या दोघांच्या टेबलाशी बसले. पलीकडे हास्याचा स्फोट झाला. सुमतीबाईंनी उपमा नुसता चिवडला.

"इतकी वर्षं मी तुमच्याशीच बोलतेय," त्या म्हणाल्या. "इथे तरी दुसरं कोणी मिळेल म्हणून आले होते."

हे मात्र त्र्यंबकरावांना लागलं. ते खोलीत गेले आणि खोट शोधू लागले. नळ गळत नव्हता. दार करकरत नव्हतं. गादीत औषधालासुद्धा ढेकूळ नव्हतं. तिकिटं देणारा बगळा जहाजावरच होता, ते त्याच्याकडे गेले.

"आमच्या खोलीत काहीच त्रास नाही," ते म्हणाले.

"माफ करा," बगळा म्हणाला, "ह्यावर आमच्याकडे इलाज नाही."

मग ते कुसुमताईंच्या दारात गेले. "ताई, आपण खोल्या बदलू या. तुम्ही मधे या, आम्ही टोकाला जातो."

कुसुमताईंनी कान ताठ केले. "म्हणजे माझे झोके तुम्ही घेणार? आणि टेबलावर मी बोलू काय? सगळं जहाज मला विचारतं, आज कुठे आपटलात म्हणून! छे हो. तुमची खोली तुम्हालाच लखलाभ."

पुढच्या सकाळी सुमतीबाई उठल्या, काटे नीट विंचरले आणि सरळ मोठ्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्र्यंबकराव मागे.

"आमच्या खोलीत एक भयंकर आवाज येतो," सुमतीबाई म्हणाल्या.

"कसला?" तिघांनी एकदम विचारलं.

"ह्यांच्या घोरण्याचा. बाकी सगळीकडे इतकी शांतता, की तेवढाच ऐकू येतो. सुटकाच नाही."

"मी घोरत नाही!" त्र्यंबकराव म्हणाले. आणि बाळांनो, ते खरं होतं.

"सगळे असंच म्हणतात," आबासाहेब म्हणाले.

बंडोपंतांनी टोपी उचलली. सुमतीबाई बसल्या. "काल तर खाडीतल्या होड्यांनी आमच्या खोलीला वाट करून दिली," त्या म्हणाल्या. "भोंगा वाटला असावा." टेबल हसून हसून हललं. त्र्यंबकरावांनी बायकोकडे पाहिलं. इतकी खूश ती त्यांना कधी दिसली नव्हती. ते तिच्या शेजारी बसले आणि त्यांनीही मान डोलावली.

"आम्हालाही ऐकायचंय!" कुसुमताई म्हणाल्या.

दुपारी सगळं टोळकं साळिंदरांच्या खोलीत आलं. चिवडा आला, भजी आली. सगळे बाल्कनीत दाटीवाटीने बसले. त्र्यंबकराव आत पलंगावर पडले, डोळे घट्ट मिटले आणि जिवाच्या करारावर घोरू लागले. जरा थांबले की बाहेरून सुमतीबाईंचं खाकरणं ऐकू येई. मग ते पुन्हा सुरू करत.

"अगंबाई, डॉल्फिन!" बाहेर कुसुमताई ओरडल्या. "केवढा कळप! काय सुरेख दिसतंय इथून!"

"खोली मात्र उत्तम निवडलीत हो, सुमतीबाई," आबासाहेब म्हणाले.

त्र्यंबकरावांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी फक्त आवाज चढवला.

तात्पर्य : खोली घेताना वरचा मजला, खालचा मजला, डावी-उजवी बाजू सगळं नीट तपासून घ्यावं, म्हणजे एखादी तरी खोट हाती लागते. न लागली, तर घोरायला शिकावं.