टोळांच्या नकाशाचे कुलूप निघाले त्याची हकीकत

श्री वारा समर्थ. ऐकणारांनी पान खावे, कान द्यावे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, भाद्रपद मास, एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे, तेथे विसाजीपंत म्हणून टोळ-दफ्तराचे दफ्तरदार होते, आणि रानातले धनगर टोळ दिसताच मोबाइलावर छबी काढून दफ्तरी पाठवीत, आणि यंत्र नकाशावर तांबडे ठिपके मांडी, मग थवा उद्या कोठे उतरणार ते कळे. परंतु दंडक ऐसा, की नकाशा हे राज्याचे गुपित, परमुलखास दाखवील तो चाकरीस मुकेल. म्हणोन परमुलखातून ठिपका टाकणारे कोणी नाही, सरहद्दीपलीकडे नकाशा कोराच, आणि गेले टोळ परत फिरले की राज्य दरवेळी बेसावध. अहो, टोळ काय परवाना दाखवून सरहद्द ओलांडतो?

त्या भाद्रपदी थवा उठला आणि ठिपके सरकत सरकत सरहद्दीशी आले, आणि पलीकडे कोसभरावर आवळगाव, तेथे पंतांची लेक द्वारका दिलेली, आणि बाजरी कणसात आलेली. पंतांचे काळीज चर्र जाहले. एकट्या लेकीस फोन करावा, तर मनात आले, तिच्या शेजारणीने काय घोडे मारले? मग "गेली चाकरी तर गेली" म्हणोन पंतांनी कुलूप काढिले आणि नकाशा दाही दिशांस खुला केला. आवळगावकरांनी तो पाहून धूर केला, डबे बडविले, आणि पीक वाचले.

इकडे राजेसाहेब कडाडले, "पंत, खाल्ल्या घरचे वासे मोजलेत! पागोटे उतरा!" पंतांनी मुकाट पागोटे उतरिले, डोळ्यांस पाणी आले, आणि तोच त्यांचा मोबाइल वाजला. राजेसाहेबांनी सर्वांदेखत बोलणे ऐकविण्याची आज्ञा केली. "बाबा, मी द्वारका. वारा फिरला बघा! थवा तुमच्याकडं निघालाय, उद्या दुपारपर्यंत येतोय. आम्ही गावकऱ्यांनी ठिपके टाकलेत, तुमच्याच नकाशावर. बघत काय बसलाय, डबे काढा!"

नकाशा उघडिला, तो इतकी वर्षे कोरी राहिलेली बाजू तांबड्या ठिपक्यांनी भरलेली. राजेसाहेबांनी मुदपाकखान्यातून तुपाचे दोन रिकामे डबे आणविले आणि बोलिले, "पंत, पागोटे घाला, आणि हा एक तुम्ही घ्या."

ऐसे वर्तमान. दुसरे दिवशी थवा आला तो उपाशीच गेला, आणि त्या साली दोन्ही राज्यांत बाजरी घरात आली. नकाशा आजही उघडा आहे. इति.