गॅरिकचं सुतक

बुंदीचा पहिला घाणा कढईतून निघतो न निघतो, तोच शेजारची कमलीबाई डोक्यावर पदर घेऊन, हंबरडा फोडत अंगणात शिरली आणि तिनं कस्तुराबाईंच्या गळ्यात हात टाकले.

"कसं झालं वं माय हे! आजच्याच दिवशी व्हावं लागत होतं काय!"

कस्तुराबाईंच्या गळ्यात हात टाकायची आसेगावात कोणाची छाती नव्हती. त्यांच्या नवऱ्यानंसुद्धा हयातभर विचारूनच टाकले होते. त्यांनी आधी कमलीबाईचे हात काढून बाजूला ठेवले.

"कोन मेलं? नीट सांग."

"मावशी, माह्यापासून कायले लपवता? अख्ख्या गावानं पाह्यलं." कमलीबाईनं पदराखालचं टोपलं पुढे केलं. "पिठलं-भाकर आणली. सुतकाच्या घरी आज चूल पेटवाची नाही." आणि मग तिची नजर चुलीवर गेली. चुलीवर कढई, कढईत तेल, तेलात बुंदी. कमलीबाईचं रडं जागच्या जागी आटलं. "मढं झालं अन् तुमी बुंदी पाडून राह्यल्या?"

बुंदी पाडायचीच होती. दुपारी बाराला कस्तुराबाईंची नात ज्योत्स्ना हिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मुलगा वाशीमचा, हरीओम नावाचा, ग्रामसेवक. परवा अमावस्या आणि मग पौष. आजचा दिवस हुकला की महिनाभर हात बांधून बसायचं. आणि वाशीमच्या एका ठेकेदाराची पोरगी हरीओमसाठी आधीच दाराशी येऊन उभी होती. पौष संपेपर्यंत ती उंबरठा ओलांडून आत येणार, हे सांगायला पंचांग कशाला लागतं?

तेवढ्यात आणखी दोघी आल्या. त्यांच्याही टोपल्यांत पिठलंच होतं. कस्तुराबाईंनी पायांत चपला घातल्या आणि मुलाला हाक मारली, "इंद्रभान! चाल चौकात. माह्या घरचं कोन मेलं ते मले तरी समजू दे."

चौकात शेजारी शेजारी दोन मोठे बोर्ड लागले होते. पहिल्यावर गुलाबाची फुलं, मधे ज्योत्स्नाचा हसरा फोटो आणि खाली 'साक्षगंधानिमित्त पाहुण्यांचे हार्दिक स्वागत'. दुसऱ्यावर काळी किनार, पेटती समई आणि हातभर दाढीचा एक गोरा माणूस. त्याच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर कुऱ्हाड आणि गालावर रक्त. कस्तुराबाई दुसरीतून शाळा सोडून आल्या होत्या, पण अक्षराला अक्षर लावून त्यांनी वाचलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. गॅरिक. शोकाकुल...' आणि शोकाकुलात सगळ्यांत वर पुन्हा ज्योत्स्नाच. फोटोही तोच. दात काढून हसणारा.

"अरे, हा कोन गेला?" इंद्रभाननं विचारलं.

"मले काय विचारतं? तुह्या पोरीनं लावला, तिले विचार."

घरी ज्योत्स्नाच्या हातांवर मेंदी रंगली होती, पण तोंडाकडे पाहवत नव्हतं. तिथे आता रंगच उरला नव्हता. तिनं जे सांगितलं ते ऐकून कस्तुराबाई बाजेवर बसल्या. मोबाईलवर एक मालिका येते. तिच्यात मेलेली माणसं उठतात आणि जित्यांना चावत सुटतात. त्या मालिकेचं मूळ म्हणजे चित्रांची पुस्तकं. पुस्तकात गॅरिक मरतो. मालिकेतही मरणार की वाचणार, यावर वाशीम-मंगरूळपीरच्या कॉलेजातली चाळीस पोट्टे-पोट्टी वर्षभर मोबाईलवर भांडत होती. ज्योत्स्ना म्हणाली, वाचणार. पैज लागली. जो हरेल त्यानं आपल्या गावच्या चौकात, आपल्या फोटोसकट, गॅरिकचा श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचा.

"अन् तो मेला?"

"चावला त्याले एक जण, आजी. मंग दरीत पडला."

"कोन चावला?"

"मेलेला माणूस."

कस्तुराबाईंनी देवाकडे पाहिलं. "माय बाई! मेलेला मानूस चावला, त्यानं न झालेला मानूस मेला, अन् त्याचं सुतक माह्या घरी? अन् मुहूर्त बी आजचाच सापडला तुले?"

"मी पुढच्या आठवड्यात लावा म्हनलं होतं! फ्लेक्सवाल्याकडे दोन्ही ऑर्डर माह्याच नंबरवरून गेल्या. त्यानं एकाच खेपेत दोन्ही लावून देल्ले."

सून निता मधे पडली. "आत्याबाई, पोरीले मंग बोला. पयले तो बोर्ड उतरवा. पाहुणे वाशीमहून निंघाले."

पण बोर्ड उतरवणं सोपं नव्हतं. इंद्रभाननं शिडी मागितली तर शिडीवाला म्हणाला, "तेरवीच्या आंदी मेलेल्याचा बोर्ड काढत नसतेत भाऊ. माह्या लेकरा-बाळांचं घर हाय." दुसऱ्यानं सांगितलं, काढायचाच तर भाऊकीतल्या कर्त्या पुरुषानं काढावा. गॅरिकची भाऊकी कुठली आणि तिचा कर्ता पुरुष कोण, यावर चौकात पारावरच्या चौघांची चर्चा सुरू झाली. एकाचं म्हणणं पडलं की दाढीवरून पंजाबचा असावा. ही चर्चा रंगात आली असतानाच पाहुण्यांची जीप चौकात आली आणि करकचून थांबली.

घरापर्यंत जीप आलीच नाही. पाहुणे चालत आले, खाली मान घालून, एकामागे एक. साडीचं ताट आणि पेढ्यांचे डबे जीपमधेच राहिले. हरीओमची आई विजयमालाबाई आली ती मांडवातल्या खुर्च्या सोडून सरळ जमिनीवर बसली. तिच्या मागून सगळेच बसले. मांडवाला झेंडूच्या माळा, वर रंगीत झालर आणि खाली बावीस माणसं दुखवट्याला बसलेली. असला मांडव कस्तुराबाईंनी सत्तर वर्षांत पाहिला नव्हता.

"कोन होते वं ते?" विजयमालाबाईनं हळूच विचारलं.

आता काय सांगायचं? नातीनं खोट्या माणसाचा श्रद्धांजलीचा बोर्ड लावला, असं सांगितलं तर पोरगी वेडी ठरते. नातेवाईक म्हणावं तर सुतक लागतं आणि पोरगा ठेकेदाराच्या घरी जातो. कस्तुराबाईंनी आयुष्यात कधी खोटं बोलायला एवढा वेळ घेतला नव्हता.

"मास्तर होते. ज्योत्स्नाच्या कॉलेजातले. आपल्या भाऊकीतले नाही, सुतक बिलकुल लागत नाही. पोट्टीचा जीव लय होता त्यायच्यावर, म्हनून लावला बोर्ड."

"मास्तरच्या खांद्यावर कुऱ्हाड?" व्याह्यांनी विचारलं.

"शेतीचे मास्तर होते."

"अन् गेले कशानं?"

"चावलं."

"कुत्रं?"

कस्तुराबाईंनी एक श्वास घेतला. "तेच तं. पिसाळलेलं."

"इथंच? आसेगावात?"

मांडवातल्या बावीस माणसांनी एकदम पाय आखडून घेतले. दोघे जण उठून, सुतक बाजूला ठेवून, खुर्चीवर चढले. बाहेर कुठंतरी एक कुत्रं नुसतं भुंकलं, तर नवरदेवाचा मामा मांडवाच्या खांबाला मिठी मारून वर चढला. "इंजेक्शनं घेतली काय तुमी सगळ्यायनं? मास्तर शेवटी कोणाकोणाले शिवले होते?" असं तो वरूनच विचारू लागला. निता पिठल्याच्या तीन टोपल्या घेऊन आत-बाहेर करत होती. पाहुण्यांपुढे ठेवावं तर अपशकुन आणि फेकावं तर अन्न.

तरीही कस्तुराबाईंनी गाडं ओढत आणलं. कुत्रं मारलं, असं सांगितलं. गावाबाहेर पुरलं, असंही सांगितलं. मास्तर परगावचे, त्यांची माती परगावी झाली, आपल्याला काही लागत नाही. व्याह्यांनी पंचांग पाहिलं, मामा खांबावरून उतरला, आणि "बरं मंग, उरकून घेऊ," असं म्हणून कोणीतरी साडीचं ताट आणायला जीपकडे निघालं. कस्तुराबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की नवरदेव कुठं दिसत नाही.

हरीओम गोठ्यात सापडला. नवा सदरा, नवे बूट, आणि बैलाच्या गव्हाणीवर बसून डोळे पुसत होता.

"काय झालं जवाईबापू?"

"आजी, मले आज साक्षगंध जमनार नाही. माहं मन लागत नाही."

कस्तुराबाईंनी मांडवाकडे नजर टाकली. "कायले?"

"गॅरिक गेला." त्यानं नव्या सदऱ्याच्या बाहीला नाक पुसलं. "मी मागचे दोन भाग राखून ठेवले होते. साक्षगंध झालं की निवांत पाहीन म्हनलं होतं. अन् चौकात उतरलो तं बोर्डच! पाच वर्षं मी त्याच्यासंग होतो आजी. माहे वडील दवाखान्यात होते, तवा रातभर मले त्याचाच आधार होता."

बावीस माणसांचं सुतक कस्तुराबाईंनी एका जिभेवर परतवलं होतं, आणि एकच माणूस खरा दुखवट्यात निघाला, तोही नवरदेव. याला शिव्या द्याव्यात तर जावई होता होता राहील. समजूत काढावी तर कशी? न जन्मलेल्या माणसाच्या मरणावर कोणते शब्द असतात?

त्यांनी ज्योत्स्नाला गोठ्यात बोलावून घेतलं. "पोरी, तुह्या त्या गॅरिकचं मढं पाह्यलं काय कोनी?"

"मढं नाही दाखवलं. दरीत पडताना दाखवला."

"दहन? माती?"

"नाही."

"मंग मेला कशावरून म्हनता रे मूर्खहो?" कस्तुराबाई कडाडल्या. बैलानंही मान वर केली. "माह्या सासऱ्याचा भाऊ नदीच्या पुरात गेला. मढं सापडलं नाही. बारा वर्षं वाट पाह्यली घरानं, कुंकू पुसू देल्लं नाही त्याच्या बायकोले! मढं नाही तं सुतक नाही, असा नेम हाय. तुमी दोन घंट्यात बोर्ड लावता?"

हरीओमनं डोळे पुसायचं थांबवलं. "पन आजी, पुस्तकात त्याले चावलं होतं."

"कुठी?"

"डाव्या हाताले," ज्योत्स्ना म्हणाली.

"अन् कुऱ्हाड कोणत्या हातात होती?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "उजव्या," दोघंही एकदम म्हणाले.

"पान लागलं, सर्प डसला, तं वरून फडकं आवळून बोट छाटलेले तीन जन मी सोता जित्ते पाह्यले. एक तं अजून आसेगावच्या बाजारात लसून इकते. कुऱ्हाड घेऊन फिरणारा मानूस हात तोडणार नाही तं काय कुऱ्हाडीनं दाढी करीन?"

"ज्योत्स्ना!" हरीओम गव्हाणीवरून उठला. लग्न ठरल्यापासून त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. "पुस्तकात त्याचं मढं अख्ख्या पानावर हाय. मालिकेत नाही दाखवलं. म्हंजे मुद्दामच नाही दाखवलं!"

"अन् पडताना फडकं होतं त्याच्या मनगटाले! मी कसं नाही पाह्यलं?"

दोघं भांडत भांडत, एकमेकांचं बोलणं तोडत, मांडवात जाऊन बसले. कस्तुराबाईंनी मागून येता येता व्याह्यांना खालच्या आवाजात सांगितलं की जावईबापूंना जरा मास्तरांचं वाईट वाटलं. साडी झाली, कुंकू झालं, अंगठ्या झाल्या. ज्योत्स्नाच्या बोटात अंगठी सरकवतानाही हरीओम "पन दरी किती खोल होती?" हेच विचारत होता, आणि बायका म्हणत होत्या, किती बोलतात बाई दोघं, पहिल्याच दिवशी.

जेवणं आटोपली. बुंदी संपली, कमलीबाईचं पिठलंही संपलं. पाहुणे हात धुवायला उठले तेव्हा विजयमालाबाई कस्तुराबाईंच्या शेजारी सरकून बसली. पदर तोंडाशी घेऊन म्हणाली, "कस्तुराबाई, शेतीचे मास्तर काय?"

कस्तुराबाईंच्या हातातला विडा तसाच राहिला.

"मी बी पाह्यतो ती मालिका," विजयमालाबाई म्हणाली. "पोळ्या झाल्या की रोज. घरात कोनाले माईत नाही, त्यायले वाटते मी भजनं ऐकतो. बोर्ड पाह्यला तवाच समजलं मले."

"अन् मंग खाली कायले बसल्या?" कस्तुराबाईंनी विचारलं. "मास्तर, कुत्रं, सगळं बोलू देल्लं मले?"

"पाहून राह्यली होती, तुमी पोरीसाठी किती दूर जाता ते." विजयमालाबाईनं त्यांच्या हातातला विडा काढून स्वतःच्या तोंडात टाकला. "ठेकेदाराच्या मायनं तं तिसऱ्या सवालाले हात टेकले असते. पोरगी चांगल्या घरून येऊन राह्यली, मले पटलं."

कस्तुराबाईंना आयुष्यात पहिल्यांदा तोडीस तोड कोणी भेटलं होतं आणि ते आवडलं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. तोवर विजयमालाबाई आणखी जवळ सरकली.

"एक सांगतो. पोट्ट्यायले सांगू नका, आजच्या दिवस त्यायले आशा असू द्या. नवा भाग आज सकाळीच आला, मी जीपमधी कानात घालून पाह्यला." तिनं इकडे तिकडे पाहिलं. "मढं सापडलं वं माय. त्याच्या बहिनीनं ओळखलं."

"मेला?" कस्तुराबाईंनी विचारलं. "हात तोडला नाही त्यानं?"

"तोडला होता. पन उशीर झाला."

जीप गेली. निता भांडी घेऊन मागच्या अंगणात आली, तर नळापाशी कस्तुराबाई नव्या लुगड्यासकट बसलेल्या. पौषाच्या तोंडावरची थंडी, आणि त्या डोक्यावरून तांब्यामागून तांब्या पाणी ओतून घेत होत्या.

"अवं आत्याबाई! एवढ्या गारठ्यात आंघोळ कायले? कोन गेलं?"

"कोनी नाही," कस्तुराबाई दात वाजवत म्हणाल्या. "दूरचा होता."